१९६६चा अली विरुद्ध १९८८चा टायसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सिंग पाहणारे चार मराठी लोक एकत्र बसले की दुसऱ्या चहाला हा विषय निघतोच: ऐन भरातले मुहम्मद अली आणि माइक टायसन, हेवीवेटचे (सर्वात जड वजनगटाचे) दोन विजेते, समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? एक म्हणतो, "टायसनचा एक ठोसा बसला की खेळ खलास." दुसरा म्हणतो, "बसायला अली सापडला तर पाहिजे ना!" मग आवाज चढतात, मध्येच क्रिकेट घुसतं आणि बिल कोण देणार यावर वाद मिटतो. मला वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मी अलीच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो. पण लोक ज्या कारणासाठी अलीच्या बाजूचे असतात, त्या कारणासाठी नाही.

कुठला अली आणि कुठला टायसन?

तारीख ठरवल्याशिवाय या वादात उतरूच नये. थकलेला अली आणि तरुण टायसन, किंवा तरुण अली आणि तुरुंगातून सुटलेला टायसन, या दोन्ही जोड्या म्हणजे लबाडी. मी घेतो तो अली १४ नोव्हेंबर १९६६चा: ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राऊंडमध्ये संपवणारा, वय २४. टायसन २७ जून १९८८चा: अटलांटिक सिटीत मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा, बाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर आलेला. अली विल्यम्सशी लढला त्या रात्री टायसन साडेचार महिन्यांचा होता, म्हणजे कल्पनेला किती ताण द्यावा लागतो ते बघा.

या दोन रात्री दोघांच्या सर्वात देखण्या मानल्या जातात, पण दोन्हींना एक डाग आहे. विल्यम्सला १९६४ मध्ये टेक्सासमध्ये पोलिसाची गोळी लागली होती आणि त्याची एक किडनी काढावी लागली होती. अलीसमोर उभा राहिला तो जुन्या विल्यम्सची सावली होता. स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेट, वजन वाढवून वर आलेला. आणि त्या रात्री तो लढायला आला होता की फाशीला, असा प्रश्न त्याचा चेहरा बघून पडतो. तेव्हा या फिती बघून निकाल लावू नका. खरा पुरावा दोघांच्या अवघड रात्रींमध्ये आहे.

उंची, वजन, हातांचा पल्ला?

अली ६ फूट ३ इंच, टायसन ५ फूट १० इंच. हातांचा पल्ला अलीचा ७८ इंच, टायसनचा ७१. वजनात मात्र उलटं आहे: विल्यम्सविरुद्ध अली सुमारे २१३ पौंडांचा होता, स्पिंक्सविरुद्ध टायसन २१८ पौंडांचा. म्हणजे पाच इंचांनी बुटका माणूस पाच पौंडांनी जड. सगळं मांड्यांत, मानेत आणि पाठीत भरलेलं.

म्हणजे ताकद विरुद्ध कौशल्य, असंच ना?

नाही, आणि इथेच निम्मे वाद चुकीच्या रस्त्याला लागतात. टायसनला 'ठोसेबाज' म्हणून बाजूला काढणं म्हणजे एखाद्या पैलवानाला नुसता 'वजनदार' म्हणून सोडून देण्यासारखं. तसे वजनदार गल्लोगल्ली असतात, पण हिंदकेसरी होत नाहीत.

टायसनला घडवलं कस डमॅटो नावाच्या म्हाताऱ्या गुरूने, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल गावात, पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावरच्या जिममध्ये. त्यांची पद्धत 'पीकाबू' म्हणून ओळखली जाते: दोन्ही मुठी गालांना चिकटलेल्या, कोपरं बरगड्यांवर, आणि डोकं सतत डावी-उजवीकडे हलतं. हे डोकं हलवणं शोभेचं नव्हे. समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खांद्यावरून निघून जातो त्या क्षणी टायसनचं वजन एका पायावर गेलेलं असतं आणि त्याच पायातून पुढचा ठोसा उसळतो. त्याच्याकडे बचाव आणि हल्ला वेगळे नव्हतेच. डमॅटोंच्या जिममध्ये ठोशांना आकडे दिलेले होते. ट्रेनर आकडे पुकारायचा, पोरगं मारायचं. उजवा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बरगडीत आणि लगेच त्याच हाताचा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) हनुवटीला, हा टायसनचा हुकमी डाव त्या पाठांतरातून आलेला. बरगडीतल्या ठोशाने समोरच्याचं कोपर खाली येतं आणि वरचं दार उघडतं. पट काढायला वाकलेला मल्ल समोरच्याला खाली बघायला लावतो आणि वरून डाव टाकतो, तसंच काहीसं.

डमॅटो ४ नोव्हेंबर १९८५ला गेले. त्यांचा शिष्य केव्हिन रूनी ट्रेनर म्हणून टायसनच्या कोपऱ्यात होता तोवर हे सगळं टिकलं. १९८८च्या अखेरीस रूनीला काढलं आणि पुढच्या वर्षभरात डोकं हलणं कमी होत गेलं. म्हणून मी तारीख जून १९८८च धरतो.

आणि अली म्हणजे निव्वळ कौशल्य?

तेही खरं नाही. तंत्राच्या पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर १९६६चा अली चुकांचा गठ्ठा आहे. हात कमरेपाशी. ठोसा आला की बाजूला व्हायच्या ऐवजी सरळ मागे झुकायचं. शरीरावर जवळजवळ मारायचंच नाही, सगळी नजर डोक्यावर. हे सगळं खपलं कारण त्याचे पाय आणि डोळे कोणत्याही हेवीवेटपेक्षा वेगवान होते. अंतराचा अंदाज इतका पक्का की ठोसा नाकासमोर दोन बोटांवर संपायचा आणि त्याला आधीच ठाऊक असायचं. २९ मार्च १९६६ ते २२ मार्च १९६७ या एका वर्षाच्या आत त्याने सात वेळा विजेतेपद राखलं. आजचे चॅम्पियन वर्षाला दोनदा लढले तरी बातमी होते.

अलीला कुणी पाडलं होतं का?

हो, आणि टायसनवाल्यांनी हा पुरावा वापरावा, वापरत नाहीत. १९६२ मध्ये सनी बँक्सने पहिल्याच राऊंडमध्ये. १८ जून १९६३ला लंडनच्या वेम्ब्लीत हेन्री कूपरने चौथ्या राऊंडच्या शेवटी. ८ मार्च १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने पंधराव्या राऊंडमध्ये. तिन्ही वेळा ठोसा एकच: डावा हुक. हात खाली ठेवून सरळ मागे झुकणाऱ्या माणसाच्या जबड्याची उजवी बाजू उघडी असते, हे भूमितीच सांगते. आणि टायसनचा डावा हुक या तिघांपैकी कुणाहीपेक्षा आखूड आणि जलद होता.

पण याच यादीत दुसरंही काही आहे. बँक्सला अलीने त्याच लढतीत चौथ्या राऊंडमध्ये संपवलं. कूपरला पाचव्यात. फ्रेझरच्या त्या भयंकर हुकनंतर तो क्षणात उठून उभा राहिला, थकव्याच्या पंधराव्या राऊंडमध्ये, सुजलेला जबडा घेऊन. (कूपरच्या लढतीत अलीचा ट्रेनर अँजेलो डंडी याने ग्लोव्हची फाट दाखवून बराच वेळ मिळवला ही गोष्ट फार रंगवून सांगतात. चित्रफितीत मात्र जास्तीचे मिळालेले मोजकेच सेकंद दिसतात.) अलीची हनुवटी आणि पडल्यावर शुद्धीवर येण्याचा वेग हीच त्याची सर्वात मोठी ताकद होती. नाचणं नंतर.

नाचणारा, जॅब मारणारा बॉक्सर टायसनसमोर टिकला होता का?

तीन उदाहरणं.

पहिलं जेम्स टिलिसचं, मे १९८६. टायसनने तोवरच्या एकोणीसही लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या. टिलिस हलत राहिला, फिरत राहिला आणि टायसनपुढे पूर्ण दहा राऊंड उभा राहणारा पहिला माणूस ठरला. हरला, पण लढत अटीतटीची झाली.

दुसरं टायरेल बिग्जचं, ऑक्टोबर १९८७. १९८४च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट सुवर्णविजेता, उंच, चपळ, जॅब सुंदर. पहिल्या राऊंडमध्ये त्याने अलीसारखंच सगळं केलं. मग टायसन शरीरावर मारायला लागला आणि बिग्जचे पाय जड होत गेले. सातव्यात संपला. नाचणाऱ्याला कसं थांबवायचं याचा धडाच आहे हा: डोक्यामागे धावू नका, बरगड्यांना बिल लावा.

तिसरं माजी विजेत्या लॅरी होम्सचं, जानेवारी १९८८. चौथ्या राऊंडमध्ये होम्सने अचानक पाय मोकळे केले, जॅब चालवला, प्रेक्षक उभे राहिले. आणि त्याच राऊंडमध्ये तो तीनदा पडला. एकूण ७५ लढतींच्या कारकिर्दीत होम्स नॉकआउट झाला तो एवढ्या एकदाच.

टायसनने होम्सला आणि बर्बिकला हरवलं. त्या दोघांनी अलीला. हिशेब सरळ नाही का?

हा हिशेब शाळेत शिकवतात, रिंगमध्ये चालत नाही. होम्सने २ ऑक्टोबर १९८०ला अलीला हरवलं तेव्हा अली ३८ वर्षांचा होता. टायसनने होम्सला हरवलं तेव्हा होम्स ३८ वर्षांचा होता. आणि ट्रेव्हर बर्बिकशी अली लढला ती डिसेंबर १९८१ची बहामातली लढत बघवत नाही. त्यातून एवढंच सिद्ध होतं की अडतिशीनंतर हेवीवेटने घरी बसावं.

मग टायसनला थांबवतं तरी काय?

मिठी. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, कारण त्यात काव्य नाही. पण या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

७ मार्च १९८७ला लास व्हेगासमध्ये जेम्स 'बोनक्रशर' स्मिथ टायसनशी लढला. लढला म्हणजे काय, चिकटला. टायसन आत आला की स्मिथ त्याचे दोन्ही हात काखेत धरायचा आणि रेफरी सोडवेपर्यंत सोडायचा नाही. रेफरी मिल्स लेनने त्याचे गुण कापले, लोकांनी हुर्यो उडवली, स्मिथ जवळजवळ सगळे राऊंड हरला. पण बाराही राऊंड उभा राहिला, आणि शेवटच्या राऊंडमध्ये त्याने मारलेल्या एका उजव्या ठोशाने टायसन हलला सुद्धा. टोनी टकरनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बारा राऊंड काढले, तेही बऱ्याच अंशी धरून, आणि पहिल्याच राऊंडमध्ये त्याच्या अपरकटने टायसनची मान वर उचलली गेली होती.

असं का होतं? टायसनची सगळी यंत्रणा लयीवर चालते. डोकं हलवत आत शिरायचं, एकामागोमाग तीन-चार ठोसे, मग कोन बदलून पुन्हा. ती लय मध्येच तोडली की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फ्रेझर मिठीतही एक हात मोकळा करून बरगडीत मारत राहायचा. टायसन मात्र बऱ्याचदा मिठीत थांबायचा, रेफरीची वाट बघायचा. खडाखडीत तो राजा होता, कब्जात सापडला की सामान्य.

आता अलीकडे बघा. हेवीवेटच्या इतिहासात मिठीचा असा वापर करणारा दुसरा बॉक्सर शोधणं कठीण. डावा हात समोरच्याच्या मानेमागे टाकायचा, डोकं खाली दाबायचं, अंगाचं वजन त्याच्यावर सोडायचं. २८ जानेवारी १९७४ला फ्रेझरशी दुसऱ्या लढतीत त्याने हेच बारा राऊंड केलं आणि जिंकला. ६ फूट ३ इंचांचा माणूस ५ फूट १० इंचांच्या माणसाच्या मानेवर लोंबकळला की आठव्या राऊंडपर्यंत त्या मानेचं काय होईल? म्हणून मी म्हणतो, ही लढत अलीच्या फुलपाखरी नाचण्यावर ठरणार नाही. मानेवर ठरेल.

रेफरीने मिठी मारूच दिली नाही तर?

तर माझं मत डळमळतं. कडक रेफरी, लहान रिंग आणि वारंवार गुणकपात असेल तर टायसनची बाजू खूप वर येते. उलट १९७४च्या त्या लढतीतल्या टोनी पेरेझसारखा सैल रेफरी असेल तर अलीने निम्मी लढत नाणेफेकीआधीच जिंकली. करार करताना टायसनच्या माणसांनी पैशाआधी रेफरीवर भांडावं.

बस्टर डग्लसने रस्ता दाखवलाच आहे, नाही का?

अर्धा. ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत टायसनला पहिल्यांदा हरवताना डग्लसने केलं ते सगळं बरोबर होतं: लांब जॅब, जॅबच्या मागोमाग उजवा हात, टायसन जवळ आला की अपरकट, आणि नंतर मिठी. दहाव्या राऊंडमध्ये टायसन गुडघ्यांवर माउथपीस शोधत होता. पण तो जून १९८८चा टायसन नव्हता. डोकं एका जागी, कोपऱ्यात नवखी माणसं. डोळ्याची सूज दाबायचं लोखंडी साधनही त्यांनी आणलं नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. आमच्याकडे तालमीच्या कुस्त्यांनाही याहून जास्त तयारी असते.

आणि एक गोष्ट अलीच्या विरुद्ध जाते. वाकून आत शिरणाऱ्या टायसनला सर्वात जास्त त्रास अपरकटने दिला: टकरचा, डग्लसचा, पुढे त्याला हरवणाऱ्या होलीफिल्ड आणि लेनॉक्स लुइसचा. अलीच्या भात्यात अपरकट फारसा नव्हता. त्याचं हत्यार म्हणजे मागे सरकता सरकता मारलेला उजवा हात, १९६५ला लुइस्टनमध्ये लिस्टनला पाडणारा. तो वाकलेल्या टायसनच्या कपाळावर आदळला तर अलीचाच हात दुखेल.

किन्शासासारखं दोरांना रेलून टायसनला दमवता येईल?

नाही. ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात जॉर्ज फोरमनविरुद्ध ते चाललं कारण फोरमन लांबून, रुंद, विळ्यासारखे ठोसे मारत होता. ते दिसायचे, हातांवर घेता यायचे आणि मारणाऱ्यालाच थकवायचे. टायसनचे ठोसे आखूड आणि जोडीने येणारे. दोरांना टेकलेल्या माणसाच्या कोपरांखालून एक आणि हातांमधून दुसरा. अली दोरांवर गेला तर मी दूरदर्शन बंद करीन.

टायसन म्हणजे आणखी वेगवान फ्रेझर. फ्रेझरने अलीला हरवलंय. मग?

फ्रेझर सावकाश पेटायचा, चौथ्या-पाचव्या राऊंडपासून वाफ धरायचा आणि पंधराव्यात सर्वात धोकादायक असायचा. टायसन बरोबर उलटा. पहिल्या चार राऊंडमध्ये तो फ्रेझरपेक्षा दुप्पट भयंकर. आठव्यानंतर निम्मासुद्धा नाही. होजे रिबाल्टाला त्याने दहाव्यात थांबवलं, हे मान्य. पण ज्या लढती लांबल्या त्यांत त्याच्या ठोशांची संख्या राऊंडगणिक घसरलेली दिसते. शिवाय फ्रेझरने हरवला तो साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतरचा अली. २८ एप्रिल १९६७ला ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यभरतीला नकार दिला, परवाना गेला, विजेतेपद गेलं, आणि ऑक्टोबर १९७० मध्ये परत आला तेव्हा पाय तेच राहिले नव्हते.

डमॅटोंच्या पीकाबू पद्धतीशी अली कधी लढला होता?

हो, फ्लॉइड पॅटरसनशी. तो डमॅटोंचा आधीचा मोठा शिष्य. २२ नोव्हेंबर १९६५ला अलीने त्याला खेळवत खेळवत बाराव्यात संपवलं. बरोबर २१ वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९८६ला, टायसनने बर्बिकला हरवून सर्वात तरुण हेवीवेट विजेत्याचा पॅटरसनचाच विक्रम मोडला. तारखेचा योग छान आहे, पण पॅटरसनची त्या रात्री पाठ धरली होती आणि तो टायसनपेक्षा बराच हलका होता. यातून फार काही काढू नका.

टायसनच्या धाकाचं काय? लोक घंटेआधीच हरायचे.

स्पिंक्स हरला होता, नक्कीच. अली हरला नसता, आणि हे भक्तिभावाने सांगत नाही. त्याच्या काळातला टायसन म्हणजे सनी लिस्टन: तुरुंगात राहून आलेला, नजरेने माणसं गोठवणारा. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामी बीचला सट्टेबाजांचा भाव लिस्टनच्या बाजूने सातास एक होता. वजनाच्या वेळी बावीस वर्षांच्या अलीने एवढा आरडाओरडा केला की डॉक्टरने नाडी मोजली तर मिनिटाला १२०. 'पोरगं घाबरलंय' असं ठरलं. थोड्या वेळाने नाडी पुन्हा शांत. नाटक होतं.

त्याच लढतीतला पाचवा राऊंड मी या सगळ्या चर्चेत सर्वात मोलाचा मानतो. अलीच्या डोळ्यांत काहीतरी झोंबणारं गेलं, त्याला धड दिसेना, तो ग्लोव्ह कापून टाका म्हणत होता. डंडीने त्याला ढकलून पाठवलं. आणि जवळजवळ आंधळेपणी, एक हात लिस्टनच्या कपाळावर टेकवून, फिरत फिरत त्याने जगातल्या सर्वात धोकादायक ठोसेबाजासमोर तीन मिनिटं काढली. सातव्या राऊंडला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

१२ राऊंड की १५?

अलीच्या काळी १५, टायसनच्या काळी १२. पंधरा ठेवले तर वाद जवळजवळ मिटतो. मी बारा धरतो, टायसनला सवलत म्हणून.

असे सामने इतिहासात साधारण कसे संपतात?

कौशल्यवाला गुणांत पुढे राहतो आणि ठोसेबाजाला एक क्षण लागतो. १८ जून १९४१ला बिली कॉन बारा राऊंडनंतर जो लुइसच्या पुढे होता. तेराव्यात त्याला वाटलं आपणही नॉकआउट करू. दोन सेकंद शिल्लक असताना तो संपला. १९५२ मध्ये वॉलकॉट मार्सियानोच्या पुढे होता, तोही तेराव्यातच गेला. १९९४ मध्ये ४५ वर्षांच्या फोरमनने मायकल मूररला दहाव्यात एका उजव्या हाताने झोपवलं, तोवर तिन्ही पंचांच्या गुणांत मूरर पुढे होता. २०१८ मध्ये वाइल्डरने बाराव्या राऊंडमध्ये फ्युरीला पाडलं, तेव्हा मी स्वतः 'संपलं' म्हणून खुर्चीवरून उठलो होतो. फ्युरी उठला, लढत बरोबरीत सुटली. उलट १९७७ मध्ये सान हुआनला जिमी यंगने फोरमनला बारा राऊंड नाचवून हरवलं, वर बाराव्यात पाडलं सुद्धा. थोडक्यात, कॉन होऊ नये. आणि अलीला कॉन होण्याची खोड होती, हे नाकारता येत नाही.

कॉम्प्युटरला विचारलं तर?

विचारून झालंय, दुसऱ्या जोडीबद्दल. १९६७ मध्ये अमेरिकन रेडिओवर मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने कॉम्प्युटरच्या मदतीने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची स्पर्धा घेतली. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला आणि त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला! मिटवामिटवीत ठरलं ते असं की अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांनी खोट्या खोट्या राऊंडचं चित्रीकरण करायचं. मार्सियानोने वजन उतरवलं, केसांचा टोप घातला. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९६९ला, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये थिएटरांत दाखवलं तेव्हा मार्सियानो तेराव्या राऊंडमध्ये जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. कॉम्प्युटरलाही प्रेक्षक कळतात.

दोघे कधी समोरासमोर आले होते?

रिंगमध्ये एकदा, पण वेगळ्या नात्याने. टायसन सांगतो की होम्सने अलीला मारलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि फोनवर अलीला म्हणाला होता, मोठा झालो की याचा बदला घेईन. जानेवारी १९८८ मध्ये होम्सच्या लढतीआधी अली रिंगमध्ये आला आणि टायसनच्या कानात त्या शब्दाची आठवण करून दिली. पुढे काय झालं ते वर आलंच आहे. १९८९ मध्ये आर्सेनिओ हॉलच्या टीव्ही कार्यक्रमात दोघे शेजारी बसले होते आणि नेमका हाच प्रश्न निघाला. अलीने टायसनच्या ठोशाची भीती दाखवली, टायसनने अलीलाच सर्वश्रेष्ठ म्हटलं. दोघांनीही दुसऱ्याला मत दिलं, वाद जिथल्या तिथे.

भारतात आले होते का?

अली जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत आला होता आणि पंजाबच्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत खेळला. तेच कौर सिंग १९८२च्या दिल्ली आशियाडचे हेवीवेट सुवर्णविजेते. टायसन २०१८ मध्ये एका मार्शल आर्ट्स लीगच्या निमित्ताने मुंबईत येऊन गेला.

बरं, निकाल सांगा.

पहिल्या चार राऊंडमध्ये टायसन अलीला एकदा पाडतो, बहुधा दुसऱ्यात, डाव्या हुकनेच. अली उठतो, मानेला लोंबकळतो, रेफरी ओरडतो. पाचव्यापासून जॅब लागायला लागतो, सातव्यात टायसनचा डावा डोळा बारीक होतो, मिठ्या लांबत जातात. लढत कुरूप असेल. तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत असं निम्मे लोक म्हणतील. दहाव्या किंवा अकराव्यात रेफरी थांबवतो. दहा वेळा लढले तर सहा अलीच्या, चार टायसनच्या, आणि त्या चारही पाचव्या राऊंडच्या आत. पन्नास-पन्नास म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. 'टायसन ९१ सेकंदांत' म्हणणाऱ्याशी भांडेन.

तासभर वेळ आहे. काय बघू?

विल्यम्स आणि स्पिंक्स सोडा, ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी टायसन-स्मिथ लावा. कंटाळा आला तरी तीन राऊंड फक्त स्मिथचे हात कुठे जातात ते बघा. मग अली-फ्रेझर दुसरी लढत, तिथे अलीचा डावा तळवा फ्रेझरच्या मानेवर किती वेळा जातो ते मोजा. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो, सहाव्या राऊंडला मोजणं सोडून दिलं. शेवटी टायसन-बिग्ज, आवाज बंद करून: डोकी बघू नका, बिग्जचे गुडघे बघा.